डिव्हाइस फाइल नाहीशी झाली तर

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच देते. डिव्हाइस फाइल म्हणजे लिनक्समध्ये एखाद्या यंत्राच्या ड्रायव्हरपर्यंत पोचायची, /डेव्ह या डिरेक्टरीतली फाइल. आधी एक सूचना. आपल्या अंकात आदेश देवनागरीत छापतो. मशीनवर ते रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायचे आणि आकडेही इंग्रजीच. ‘/डेव्ह’ म्हणजे तिरकी रेघ आणि डी-ई-व्ही, ‘नल’ म्हणजे एन-यू-एल-एल, ‘एमकेनॉड’ म्हणजे एम-के-एन-ओ-डी, मध्ये जागा न सोडता. फोनवर सांगताना मी असंच अक्षर अक्षर सुटं करून सांगते, चूक होत नाही.

प्रश्न: ताई, आमच्या पतसंस्थेत एक लिनक्स सर्व्हर आहे, दोन शाखांचं काम त्यावर चालतं. परवापासून कर्मचाऱ्यांनी लॉगिन केलं की ‘/डेव्ह/नल: परमिशन डिनाइड’ अशा ओळींची रांग लागते. मी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून शिरलो तर काहीच तक्रार नाही. नेटवर वाचून त्या फाइलला सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) केलं. ओळी थांबल्या, पण आता बॅकअपच्या लॉगमध्ये भलताच मजकूर दिसतो. दिवसा मशीन बंद करता येत नाही. काय करू? (एक वाचक, तासगाव)

उत्तर: रूट म्हणून आधी एवढंच करा:

एलएस -एल /डेव्ह/नल

निरोगी मशीनवर उत्तराची सुरुवात ‘सी’ या अक्षराने होते, त्यापुढे आरडब्ल्यू-आरडब्ल्यू-आरडब्ल्यू-, मालक रूट, आणि एरवी जिथे फाइलचा आकार छापला जातो तिथे ‘१, ३’ असे दोन आकडे. तुमच्याकडे पहिलं अक्षर ‘सी’ नसून नुसती आडवी रेघ असणार आणि दोन आकड्यांच्या जागी आकार. म्हणजे खरी /डेव्ह/नल कुणीतरी पुसली आहे आणि त्याच नावाची साधी फाइल तिथे येऊन बसली आहे.

ती आली कशी ते बघा, कारण तुमची तिन्ही लक्षणं त्यातूनच निघतात. खरी फाइल पुसली गेली की रूटच्या पुढच्या ज्या कुठल्या कामाने आपला नको असलेला मजकूर ‘> /डेव्ह/नल’ करून टाकला, त्याला तिथे काही सापडलं नाही. शेलने (आदेश चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) मग मुकाट्याने नवी साधी फाइल बनवली. रूटने बनवलेल्या साध्या फाइलवर बाकीच्यांना फक्त वाचायचा हक्क असतो, म्हणून कर्मचाऱ्यांना ‘परमिशन डिनाइड’ आणि तुम्हाला काहीच नाही. तुम्ही ७७७ केल्यावर सगळ्यांना लिहिता आलं, ओळी थांबल्या. पण फाइल साधी ती साधीच राहिली. खऱ्या /डेव्ह/नलमध्ये लिहिलेलं नाहीसं होतं आणि वाचायला गेलं तर लगेच ‘संपलं’ असं उत्तर मिळतं. साध्या फाइलमध्ये लिहिलेलं साठतं आणि वाचणाऱ्याला ते मिळतं. तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बहुधा लॉग रिकामा करायला ‘कॅट /डेव्ह/नल > अमुक लॉग’ अशी ओळ असेल. जुन्या स्क्रिप्टांमध्ये ती हमखास असते. आता ती ओळ लॉग रिकामा करत नाही. कुणीतरी फेकून दिलेलं त्यात भरते.

पतसंस्था आहे म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. जो मजकूर टाकून द्यायचा म्हणून प्रोग्रॅम तिकडे पाठवत होते, तो आता कुणालाही वाचता येतो. त्यात सभासदांची नावं, खातेक्रमांक काहीही असू शकतं. म्हणून हे आजच दुरुस्त करा, शनिवारवर ढकलू नका.

दुरुस्तीसाठी बहुतेक ठिकाणी सांगतात की आधी आरएमने पुसा, मग एमकेनॉडने बनवा. चालू सर्व्हरवर मी तसं करत नाही. दोन आदेशांच्या मधल्या क्षणात रूटचं दुसरं एखादं काम पुन्हा साधी फाइल बनवून मोकळं होतं आणि एमकेनॉड ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणून अडून बसतो. त्यापेक्षा शेजारी वेगळ्या नावाने खरी फाइल तयार करा आणि तिचं नाव बदलून जागेवर आणा:

एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल२ सी १ ३
एमव्ही -एफ /डेव्ह/नल२ /डेव्ह/नल

एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, मध्ये फट राहत नाही. ‘-एम ६६६’ विसरू नका. ते नसेल तर युमास्क (नव्या फाइलचे हक्क कापणारी सेटिंग) आड येतो आणि रूटशिवाय कुणालाच लिहिता येत नाही, म्हणजे तक्रार जिथल्या तिथे. रेड हॅटच्या घराण्यातलं मशीन असेल आणि एसई-लिनक्स (सुरक्षेची जादा व्यवस्था) चालू असेल तर शेवटी ‘रिस्टोअरकॉन /डेव्ह/नल’ही करा, म्हणजे त्याचं लेबल जागेवर येईल. मग एलएस परत करून ‘सी’ आणि ‘१, ३’ डोळ्यांनी बघा. ‘कॅट /डेव्ह/नल’ केल्यावर पडद्यावर काहीही येता कामा नये.

अजून एक काम उरतं. मधल्या काळात ज्या सेवा सुरू झाल्या, त्यांनी ती साधी फाइल उघडून धरलेली असते. नाव गेलं तरी त्यांच्या हातातली फाइल जिवंत राहते, त्या तिच्यातच लिहीत राहतात, आणि /डेव्ह मेमरीत असल्यामुळे मेमरी खात राहतात. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’च्या यादीत /डेव्ह/नलपुढे ‘डिलीटेड’ लिहिलेल्या ओळी शोधा आणि त्या सेवा एकेक करून पुन्हा सुरू करा. रात्री मशीन रिस्टार्ट करणार असाल तर हे सगळं आपोआप निस्तरतं, कारण आजकाल ही फाइल प्रत्येक वेळी कर्नलच (लिनक्सचा गाभा) नव्याने बनवतो. पण सकाळी शाखा उघडल्यावर खोळंबा नको, म्हणून वरचा मार्ग सांगितला.

त्या दोन आकड्यांचा अर्थ सांगते, पुढच्या पत्रांनाही तो लागेल. पहिला आकडा कुठल्या ड्रायव्हरकडे जायचं ते सांगतो, त्याला मेजर म्हणतात. दुसरा त्या ड्रायव्हरला नेमकं कोण हवं ते सांगतो, तो मायनर. मेजर १ म्हणजे मेमरीचा ड्रायव्हर. त्याच्याकडे ३ म्हटलं की नल, ५ म्हटलं की झीरो, ७ वर फुल, ८ वर रँडम, ९ वर यूरँडम. मेजर ५ कडे ० म्हणजे टीटीवाय, १ म्हणजे कन्सोल, २ म्हणजे पीटीएमएक्स. आधीचं ‘सी’ किंवा ‘बी’ हे अक्षर फाइलचा प्रकार सांगतं: सी म्हणजे कॅरॅक्टर, बी म्हणजे ब्लॉक. हार्ड डिस्क ‘एसडीए’ ही ब्लॉक, ८ आणि ०. तिचं पहिलं पार्टिशन ८ आणि १. कर्नल नावाकडे ढुंकूनही बघत नाही, अक्षर आणि आकडेच बघतो. सी १ ३ ला तुम्ही ‘नल२’ म्हणा नाहीतर ‘पतसंस्था’ म्हणा, काम नलचंच होणार. तुमच्या मशीनवर कुठला मेजर कुणाकडे आहे ते ‘कॅट /प्रॉक/डिव्हायसेस’ केलं की दिसतं.

राहिला प्रश्न, पुसली कुणी? रूटच्या क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टा वाचा. ‘एमव्ही अमुक /डेव्ह/नल’ अशी ओळ सापडली तर चोर तोच. फाइल ‘नलमध्ये टाकून’ नष्ट होईल अशा समजुतीने लोक हे लिहितात, पण एमव्ही नलला बाजूला सारून स्वतःची फाइल तिथे ठेवतो. दुसरा संशयित म्हणजे लॉग फाइलच्या जागी /डेव्ह/नल दिलेला, आणि स्वतःचा लॉग वेळोवेळी नाव बदलून बाजूला ठेवणारा एखादा प्रोग्रॅम. तो रूट म्हणून चालत असेल तर नलचंही तेच करतो. असे प्रोग्रॅम रूट म्हणून चालवू नका. त्यांना वेगळा वापरकर्ता द्या, म्हणजे /डेव्हला त्यांचा हातच पोचणार नाही.

प्रश्न: मी तंत्रनिकेतनात शिकवतो. प्रयोगशाळेतल्या मशीनवर उबुंटू २२.०४ टाकलं. विद्यार्थ्यांचे आर्डुइनोसारखे स्वस्त बोर्ड (सीएच३४० चिपवाले) लावले तर /डेव्ह/टीटीवाययूएसबी० दिसतच नाही. एका ठिकाणी वाचून ‘एमकेनॉड /डेव्ह/टीटीवाययूएसबी० सी १८८ ०’ केलं. फाइल दिसते, पण उघडायला गेलं की ‘नो सच डिव्हाइस’. आकडा चुकला का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: सर, आकडा बरोबर आहे. यूएसबी-सीरियलचा मेजर १८८च. पण डिव्हाइस फाइल ही दारावरची पाटी आहे. पाटी लावल्याने घरात माणूस राहायला येत नाही. तुम्ही ड्रायव्हरकडे जायचा रस्ता तयार केलात, ड्रायव्हरही जागेवर आहे, पण त्याच्या हातात या क्षणी एकही बोर्ड नाही. म्हणून तो ‘नो सच डिव्हाइस’ म्हणतो. ड्रायव्हरच लोड झालेला नसता तर उत्तर ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’ आलं असतं. एवढ्या दोन शब्दांच्या फरकावरून बराच उलगडा होतो, म्हणून चूक सांगणारा संदेश नेहमी पूर्ण उतरवून घ्या. तुम्ही घेतलात, बरं केलंत.

तुमच्या हातची फाइल आधी पुसून टाका. कर्नलने बनवलेली फाइल बोर्ड काढला की कर्नलच काढून नेतो, पण हाताने बनवलेल्या फाइलला तो हात लावत नाही. बोर्ड नसतानाही ती तिथे दिसत राहील आणि उद्या एखादा विद्यार्थी तिच्यामागे तासभर घालवेल.

एक काळ असा होता की हाताने फाइल बनवणं हेच बरोबर उत्तर होतं. मी हे काम शिकले तेव्हा /डेव्ह ही डिस्कवरची साधी डिरेक्टरी होती. जगातली सगळी संभाव्य यंत्रं डोळ्यांपुढे ठेवून तिच्यात हजारो फाइली आधीच बनवून ठेवलेल्या असत. यंत्र जोडलेलं असो नसो, फाइल असायचीच. आणि एखादी नसली तर तिथेच ‘मेकडेव्ह’ नावाची स्क्रिप्ट असायची, ती चालवली की आकडे आठवत बसावं लागत नसे. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं यूडेव्ह आलं आणि जे जोडलंय तेवढ्याचीच फाइल बनू लागली. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ कर्नलमध्ये डेव्हटीएमपीएफएस आलं, तेव्हापासून फाइल खुद्द कर्नल बनवतो. यूडेव्हकडे हक्क, गट आणि पर्यायी नावं एवढं उरलं. नेटवरचा सल्ला कुठल्या काळातला आहे हे त्यामुळे फार महत्त्वाचं. आज फाइल दिसत नाही याचा अर्थ कर्नलला यंत्र दिसलं नाही किंवा दिसून ते हातातून गेलं, असाच घ्यायचा.

तुमच्या बाबतीत दुसरं झालं असावं. ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ (डी-एम-ई-एस-जी) चालू ठेवा आणि बोर्ड लावा. आधी टीटीवाययूएसबी० ला जोडल्याची ओळ येईल, आणि लगेच ‘ब्रेलटीटीवाय’चं नाव असलेली ओळ येऊन कन्व्हर्टर सुटल्याची नोंद दिसेल. ब्रेलटीटीवाय हा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल यंत्रांचा यूएसबी क्रमांक आणि या चिपचा क्रमांक, १ए८६ आणि ७५२३, एकच आहे. त्यामुळे तुमचा बोर्ड ब्रेल यंत्र समजून तो स्वतःकडे ओढून घेतो.

सगळीकडे ‘सुडो एपीटी रिमूव्ह ब्रेलटीटीवाय’ असा उपाय दिलेला असतो. तो लागू पडतो, पण तुमची ती प्रयोगशाळा आहे. तुमच्याकडे एखादा अंध विद्यार्थी असेल, पुढच्या वर्षी येईल, त्याचं वाचायचं साधन आपण काढून टाकायचं नाही. /यूएसआर/लिब/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये ब्रेलटीटीवायचं नाव असलेली नियमांची फाइल आहे. ती त्याच नावाने /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये कॉपी करा. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या की यूडेव्ह ईटीसीतली धरतो. तिच्यात फक्त ७५२३ च्या नियमाची ओळ # लावून बंद करा, ‘सुडो यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल --रीलोड’ करा आणि बोर्ड काढून परत लावा. बाकीची ब्रेल यंत्रं चालत राहतील.

एवढं होऊन विद्यार्थ्यांना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर त्यांना डायलआउट गटात घाला: ‘सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे वापरकर्त्याचं नाव. त्यातलं ‘ए’ लहान, ‘जी’ मोठं. ‘ए’ राहिला तर बाकीचे गट जातात. मग लॉगआउट करून परत लॉगिन. फाइलला ६६६ देऊन भागत नाही, बोर्ड काढून लावला की फाइल नवी आणि हक्कही नवे. एका मशीनला दोन-तीन बोर्ड लावत असाल तर ०, १, २ या क्रमांवर विसंबू नका. या चिपांना बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून /डेव्ह/सीरियल/बाय-पाथ मधली नावं वापरा. ती पोर्टाला बांधलेली असतात. आणि ‘एलएसयूएसबी’मध्ये बोर्ड दिसतच नसेल तर यातलं काहीही करण्याआधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

प्रश्न: लॅपटॉपवर विंडोज परत टाकल्यावर लिनक्स सुरू होईना. पेन ड्राइव्हवरून सुरू करून पार्टिशन /एमएनटी ला माउंट केलं, सीएचरूट केलं (तेच पार्टिशन मूळ धरून आत शिरलो), तर ग्रब-इन्स्टॉल (मशीन सुरू करणारा ग्रब बसवायचा आदेश) म्हणतं डिव्हाइस सापडत नाही. आत /डेव्ह रिकामी आहे. सगळ्या फाइली एमकेनॉडने बनवू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नको, एकही बनवू नका. तुमची /डेव्ह मशीन चालू असताना कर्नल भरतो, डिस्कवर ती रिकामीच असते. पेन ड्राइव्हवरून चाललेल्या कर्नलची /डेव्ह भरलेली आहे, तीच आत दाखवायची. सीएचरूटमधून बाहेर या आणि रूट म्हणून:

माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
माउंट -टी प्रॉक प्रॉक /एमएनटी/प्रॉक

नुसत्या ‘--बाइंड’ऐवजी ‘--आरबाइंड’ घेतलं की /डेव्ह/पीटीएससारख्या आतल्या माउंटही सोबत येतात. लॅपटॉप यूईएफआयवर असेल तर ईएफआय पार्टिशनही /एमएनटी/बूट/ईएफआय ला माउंट करा. ते राहतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. आता सीएचरूट करून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवा. काम झाल्यावर बाहेर येऊन सरळ रिस्टार्ट करा. /एमएनटी/डेव्हच्या आत आरएम मात्र चुकूनही चालवू नका, ती चालू मशीनची खरी /डेव्ह आहे.

प्रश्न: भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर व्हीपीएन बसवतेय. ‘/डेव्ह/नेट/टन उघडता येत नाही’ असं येतं. तुमच्या जुन्या अंकातल्यासारखं एमकेनॉड केलं तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, तेही रूट असताना! (एक वाचक, फोंडा)

उत्तर: टन (टी-यू-एन) म्हणजे व्हीपीएनला लागणारं आभासी नेटवर्क यंत्र. त्याचे आकडे सी १० २००. साध्या मशीनवर आधी ‘मॉडप्रोब टन’ करायचं, बहुतेक वेळा फाइल तिथेच येते. नाहीच आली तर ‘एमकेडिर -पी /डेव्ह/नेट’ करून एमकेनॉड. पण तुम्ही रूट असूनही अडवलं जातंय याचा अर्थ तुमचा सर्व्हर पूर्ण मशीन नसून कंटेनर, म्हणजे दुसऱ्याच्या कर्नलवर चालणारा वेगळा कप्पा असणार. कंटेनरमधल्या रूटला डिव्हाइस फाइल बनवायचा हक्क बाहेरून काढून घेता येतो, आणि घ्यायलाच हवा. नाहीतर आतला कुणीही ‘बी ८ ०’ म्हणत सगळ्या मशीनची डिस्क उघडून बसेल, त्यात शेजारच्या ग्राहकांचाही डेटा गेला. ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ चालवा, एलएक्ससी किंवा ओपनव्हीझेड असं उत्तर आलं तर खात्री झाली.

आतून कितीही आदेश दिलेत तरी हे सुटणार नाही. पुरवठादाराला लिहा की ‘माझ्या कंटेनरला टन डिव्हाइस चालू करून द्या’. बरेच पुरवठादार देतात, काहींच्या नियंत्रण पानावर त्याचं बटणही असतं. कंटेनर तुम्ही स्वतःच डॉकरने चालवत असाल तर सुरू करतानाच ‘--डिव्हाइस /डेव्ह/नेट/टन --कॅप-अ‍ॅड नेट_अ‍ॅडमिन’ एवढं जोडा. बरेच जण वैतागून ‘--प्रिव्हिलेज्ड’ लावतात, तेवढं करू नका. एका टनसाठी होस्टवरची सगळी डिव्हाइसं कंटेनरच्या हाती जातात. पुरवठादार नाहीच म्हणाला तर केव्हीएमवर (पूर्ण आभासी मशीन देणाऱ्या व्यवस्थेवर) चालणारा सर्व्हर घ्या. तिथे कर्नल तुमचा स्वतःचा असतो आणि टन मॉडप्रोबने येतो.